वर्ग पहिल्यांदा हातात आला तो दिवस: छात्राध्यापकांचे अनुभव

सातारा, बी.एड., मराठी

पुढच्या महिन्यात आमची नवी तुकडी आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शिकवायच्या सरावाला, शाळांत जाईल. पाठ टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, काढता येतं, सूक्ष्म अध्यापन म्हणजे छोट्या पाठांचा सरावही झालाय. पण तिथे आपलेच वर्गमित्र विद्यार्थी होऊन बसतात आणि शहाण्यासारखे हात वर करतात. खरा आठवीचा वर्ग तसा नसतो. म्हणून तुमचा वर्ग हातात आला तो दिवस सांगा, आणि हातून निसटला तोही.

आधी माझा. मधल्या सुट्टीनंतरची तासिका, 62 मुलं. मार्गदर्शक मॅडम मागच्या बाकावर होत्या तोवर चिडीचूप. त्या ऑफिसात गेल्या आणि मी फळ्याकडे वळून कविता लिहायला घेतली. चौथ्या ओळीपर्यंत मागे बाजार भरला होता. मी "शांत बसा, शांत बसा" म्हणत राहिले, दर वेळी आवाज चढवून. मॅडमनी टाचणावर लाल पेनाने एकच ओळ लिहिली: "तुम्ही फळ्यावर लिहिताना मुलांनी काय करायचं?" त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कविता तक्त्यावर लिहून नेली. तक्ता अडकवायला दोघांना बोलावलं, बाकीच्यांना यमकाच्या जोड्या वहीत उतरवायला लावल्या. गलका झालाच, पण जोड्यांवरून. गप्प वर्ग आणि शिकणारा वर्ग यांतला फरक आम्हाला फार आधी सांगायला हवा होता.

जत तालुका, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका)

ताई, माझ्या पहिलीतली निम्मी पोरं घरी कन्नड बोलणारी. मी "रांगेत या" म्हणायचो, ती माझ्या तोंडाकडे बघायची, मग एकमेकांना ढकलायची. मला वाटलं ऐकत नाहीत. त्यांना कळतच नव्हतं. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडून वीसेक वाक्यं शिकून घेतली. "बा इल्ली" (इकडे ये) म्हटल्यावर एक पोरगी पळत आली आणि माझं बोट धरून उभी राहिली. आठवड्यात ढकलाढकली निम्म्यावर आली.

कराड, गणित

नावं पाठ करा. बैठकीचा नकाशा काढून टाचणाला लावा. "ए निळ्या दप्तरवाल्या" म्हटलं की अख्खा वर्ग हसतो. नाव घेतलं की तेवढा तोच बघतो.

सांगली, आता सहा वर्षं नोकरीत

हे लिहायला जड जातंय. शाळेचं नाव घेत नाही. पहिल्याच दिवशी एका जुन्या सरांनी छडी हातात दिली, "हिच्याशिवाय सातवी ब ऐकत नाही." 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलांना मारायलाही बंदी घालतं आणि मानसिक त्रास द्यायलाही, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. तरी तिसऱ्या दिवशी डुलक्या घेणाऱ्या एका मुलाच्या हातावर छडी मारली. तो रडला नाही. हात खिशात घातला आणि तास संपेपर्यंत बाहेर काढला नाही. पहाटे चारला उठून म्हशींची धार काढून तो शाळेला येतो, हे मला नंतर कळलं. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. छडी सरांना परत दिली.

वाळवा तालुका, बी.एड., गणित-विज्ञान

दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात येतात. माझ्या वर्गात ती मागच्या भिंतीला टेकून बसायची आणि पुढच्यांच्या खोड्या काढायची. वजनमापाचा पाठ होता. मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, बैलगाडीत मोळ्या किती बसतात, मोळी बांधतात कशी? तो बाहेर जाऊन उसाचं वाढं (शेंड्याकडची हिरवी पात) घेऊन आला आणि सगळ्यांच्या फूटपट्ट्या गोळा करून मोळी बांधून दाखवली. सगळी पोरं उठून त्याच्याभोवती जमली. निरीक्षकांनी शेरा दिला, "बैठक व्यवस्था बिघडली." गुण कापले. तो पाठ मी पुन्हा तसाच घेईन.