वकील आजोबांच्या ट्रंका: रद्दी की गावाचा ठेवा?

नवी पेठ: काल आपल्या सोलापूरच्या या गटावर एका ताईंनी लिहिलं: आजोबा वकील, शिवाय एका विद्यापीठाचे विश्वस्त. कागदांच्या चार ट्रंका. दोनमधलं ‘महत्त्वाचं तेवढं’ मोबाईलवर स्कॅन केलं, बाकी रद्दीला. दोन अजून माडीवर आहेत. खाली सगळे ‘छान केलंत’ म्हणतायत. मला रात्री झोप लागली नाही. महत्त्वाचं काय हे ठरवलं कुणी?

माझ्या वडिलांच्या दप्तरात एका वकीलपत्राच्या पाठीवर पेन्सिलीनं गिरणी कामगारांच्या थकलेल्या पगाराचा हिशेब आहे. नाव, खातं, रुपये-आणे-पै. तो कोर्टात कधी गेलाच नाही. स्कॅन करणाऱ्यानं ती बाजू उलटून पाहिली असती? कोर्टातले जुने कागद 1917च्या कायद्यानं मुदतीनंतर नष्ट करता येतात. मग वकिलाची प्रत हीच शेवटची.

होटगी रोड: मी 22 वर्षं वकिली करतोय. दप्तरातली गुपितं अशिलाची, वकिलाच्या नातवंडांची नाहीत. पुरावा कायदा 1872, कलम 126 वाचा: काम संपलं तरी गुप्ततेचं बंधन संपत नाही. नव्या साक्ष अधिनियमात तेच 132 आहे. ताईंनी योग्य केलं.

बाळीवेस: साहेब, बरोबर. माझ्या आजीनं पोटगीचा दावा लावला होता. वकिलाला जे सांगितलं ते तिनं माझ्या आईलाही कधी सांगितलं नाही. उद्या ते कुणी अभ्यास म्हणून वाचणार? जीव वरखाली होतो.

नवी पेठ: अट घालून देता येतं ना! अमुक वर्षं अशिलांचे गठ्ठे उघडायचे नाहीत. आणि विश्वस्त मंडळाचे कागद कुठल्या अशिलाचे? इतिवृत्तात एका ओळीचा ठराव असतो. फी का वाढली, जागा कुणी अडवली, ते पत्रांतच सापडतं.

सातरस्ता: पण देणार कुठं? पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तिथल्या ग्रंथालयाला नाव त्यांचं, कागद मात्र दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागारात. 2004ला आपलं सोलापूर विद्यापीठ होईपर्यंत आम्ही प्रत्येक दाखल्यासाठी कोल्हापूरच्या विद्यापीठाची एस्टी धरली. आता आपल्याच गावाचे कागद बघायलाही गाडी पकडायची?

होटगी रोड: कोल्हापूरचं सोडा की ओ! दाखल झालेला दावा, त्यावरची कैफियत म्हणजे लेखी उत्तर, हे कोर्टाच्या दप्तरी जातं, मान्य. अशिलाची पत्रं, वकिलाची टिपणं तशी नाहीत. ‘बंद ठेवू’ म्हणता, कपाटाची किल्ली कुणाकडे? ज्याची अब्रू जाते त्यालाच कळतं. तुम्हाला नुसता इतिहास दिसतो.

नवी पेठ: माझेही वडील वकीलच होते, मला अब्रू शिकवू नका. किल्लीचा प्रश्न खरा आहे, तेवढं मानतो. पण रद्दीवाल्याकडे कुठली किल्ली? त्या दोन ट्रंकांतली टिपणं आज भज्यांच्या पुडीला असतील. ती गुप्तता झाली का?

होटगी रोड: ...रद्दीला द्यायला नको होतं. हे मान्य. फाडून टाकायचे होते.

बाळीवेस: पुडीचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तरी आजीचा गठ्ठा हाती लागला तर मी जाळीन.

नवी पेठ: तो निर्णय तुमचा, मी आड येणार नाही. ट्रंकावाल्या ताई, माडीवरच्या दोन ट्रंकांना हात लावू नका. गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडू नका, क्रम मोडू नका. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. तुम्ही हो म्हणालात तर रविवारी येतो, बसून यादी करू. होटगी रोड, तुम्हीही या. अशिलांचे गठ्ठे तुम्हीच बाजूला काढा, मी उघडणार नाही.

होटगी रोड: अकरानंतर जमेल. यादीत अशिलांची नावं लिहायची नाहीत, नुसते आकडे.