मदत हवी आहे : पिढी कशी मोजायची? फॉर्म अडकला

मुलचेऱ्याचा_पोट्टा : बाहेरून आलेले लोक पिढीगणिक इथं किती मिसळले, यावर एमएचा प्रोजेक्ट आहे, घरोघरी फॉर्म भरून रायलो. पहिली, दुसरी, तिसरी पिढी असे रकाने केले, प्रत्येकात भाषा, शिक्षण, लग्न. पण अर्धे लोक कुठंच बसत नाहीत. सोमवारी सरांना टेबल द्यायचं आहे, लवकर सांगा.

झाडीपट्टी : कोणाचे फॉर्म ते तर सांग. तिकडं गडचिरोलीत तेलुगूवालेही आहेत, बंगालीही.

मुलचेऱ्याचा_पोट्टा : बंगाली कॅम्पातले, पूर्व पाकिस्तानातून आलेले. आता एका घरात आजोबा तिकडचे, बाप त्यांच्या कडेवर आला, आई इथंच जन्मली. बाप पहिल्या पिढीत धरू का दुसऱ्या?

जनगणना_मास्तर : लहानपणी आलेल्यांना अभ्यासक 1.5 पिढी म्हणतात. येतानाचं वय लिहून ठेव, रकाना नंतर ठरवता येतो. आईचं अन् बापाचं जन्मठिकाण वेगवेगळं विचार. आपल्या जनगणनेत माणसाचं जन्मठिकाण अन् मातृभाषा विचारतात, आईबापाचं जन्मठिकाण नाही, म्हणून नातू तिथं वेगळा दिसतच नाही. अमेरिकेच्या जनगणनेतही तो प्रश्न 1970 नंतर गेला.

धानवाला_चामोर्शी : भाषेचं काही खरं नाही. आमच्या बाजारात मासे विकणारी बंगाली म्हातारी गिऱ्हाइकाशी झाडीबोलीत भांडते, पण नातीचं लग्न कॅम्पातच लावलं. फक्त लग्न मोज.

झाडीपट्टी : काहून? आपल्यात जातीबाहेर किती लग्नं होतात? मग आपण पण मिसळलो नाही म्हणायचं का? आजी नातवाशी कोणत्या भाषेत बोलते अन् नातू कोणत्या भाषेत उत्तर देतो ते विचार रे.

वडसा_ताई : गोठणगावला तिबेटी कॅम्प आहे 1972 पासूनचा, तिथली पोरं किती छान मराठी बोलतात! एकदा जाऊन ये.

रानवाट : नमोशूद्र या बंगाली जातीच्या लोकांना पश्चिम बंगालात एससीचा दाखला मिळते, महाराष्ट्रात नाही. आधी त्यावर लिहा, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकतात.

मुलचेऱ्याचा_पोट्टा : दादा मान्य, पण माझा प्रश्न टेबलाचा आहे.

जनगणना_मास्तर : अजून एक. आजचे म्हातारे अन् आजचे तरुण असे सरसकट गट करून तुलना करू नको, ते एकमेकांचे बापलेक नसतात. एका घरचे आजोबा-बाप-नातू एकाच ओळीत लिही. अन् जे नागपूर-पुण्याला गेले, बाहेर लग्न केलं, ते कॅम्पात भेटणारच नाहीत. सगळ्यात जास्त मिसळलेले तेच, अन् तेच सुटले की तिसरी पिढी आहे त्यापेक्षा मागं दिसते. प्रत्येक घरी सगळ्या भावंडांचं विचार, बाहेरगावी गेलेल्यांचंही.

मुलचेऱ्याचा_पोट्टा : हे सुटलंच होतं. गेलेल्यांचं घरच्यांनी सांगितलेलं धरलं तर चालते का?

धानवाला_चामोर्शी : नोकरीचं चालते. लग्नाचं नाही, बाप लपवते. त्या पोरालेच फोन लाव.