मदत हवी आहे: सेकंडहँड ऑफरोड अलॉय, कोटिंगखाली जुनं वेल्डिंग, आणि दुकानदाराची 'सहा महिने वॉरंटी'

मंडळी, गाडी मारुतीची जिम्नी, मुक्काम पुणे. दिवाळीनंतर पिंपरी-चिंचवडमधल्या एका जुन्या टायर-डिस्कवाल्याकडून चार अलॉय (मिश्रधातूची चाकं) घेतली. १५ इंची, पीसीडी (बोल्टच्या भोकांचं वर्तुळ) ५ बाय १३९.७, वर २१५/७५ चे बऱ्यापैकी नक्षी शिल्लक असलेले टायर. सगळे मिळून ३८ हजार. जीएसटीचं बिल नाही, पण दुकानाच्या छापील पावतीवर शिक्का आहे आणि त्याच्याच हातचं लिहिलंय: "६ म. वॉरंटी, क्रॅक-बेंड नाही."

मागचं डावं चाक हवा धरेना. पंक्चरवाल्याने पाण्यात बुडवलं, तर बुडबुडे टायरमधून नाही, डिस्कमधूनच, म्हणजे खुद्द अलॉयमधून. टायर उतरवल्यावर आतल्या, म्हणजे ब्रेककडच्या बाजूला, कडेपासून आत गेलेला दोन बोटं लांब तडा दिसला. त्याच्या शेजारून नख फिरवलं तर काळ्या पावडर कोटिंगखाली उंचवटा लागतो. थोडं घासल्यावर खाली ग्राइंडर मारून सपाट केलेली वेल्डिंगची रेघ! तडा तिला लागूनच गेलाय.

दुकानदार म्हणतो, "राजमाचीला नेली होती ना साहेब? दगडावर आपटली. आपटल्याची वॉरंटी नसते." नेली होती, हवा १८ पीएसआयपर्यंत कमी करून नेली होती. पण "ऑफरोडला एक नंबर माल" हा त्याचाच व्हॉट्सअॅप मेसेज माझ्याकडे आहे, मग दगड सोडून न्यायची कुठे? अलॉयच्या कंपनीने फोटो बघूनच हात वर केले: वॉरंटी पहिल्या मालकापुरती, शिवाय वेल्डिंग केलेलं. त्यांचं म्हणणं मला पटलं. भांडण दुकानदाराशीच आहे.

वेल्डिंग आधीचं होतं हे सिद्ध कसं करायचं? आणि जुन्या मालाची तक्रार ग्राहक आयोग घेतो का?

प्रतिसाद
फाउंड्रीत काम करतो म्हणून सांगतो. आधी त्या चाकाला आणखी घासू नका, आहे तो पुरावा आहे. भोसरीत डाय पेनिट्रंट टेस्ट करून लेखी रिपोर्ट देणारे आहेत. लाल रंग मारतात, पुसतात, वरून पांढरा डेव्हलपर. तडा असेल तिथे लाल रेघ फुटून येते. कास्ट अलॉयची ताकद हीट ट्रीटमेंटमधून येते. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारची पट्टी मऊ पडते, म्हणून पुढचा तडा बहुतेकदा वेल्डिंगला समांतर, कडेकडेने जातो. दगडाचा जोराचा मार असता तर सहसा रिमचा ओठही, म्हणजे कडही, दबतो. तो गोल आहे का, हे बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरवताना व्हिडिओ काढून ठेवा. कोटिंग वेल्डिंगच्या वरून चढलंय, हाच तुमचा हुकमी पत्ता. मधल्या काळात तुम्ही पावडर कोटिंग केलेलं नाही ना?

धागाकर्ता
छे. घेतली तशीच चढवली. ओठ डोळ्यांना तरी गोल दिसतो.

प्रतिसाद
आयोग घेतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माल नवाच हवा असं कुठेही नाही. विकणारा धंदा म्हणून विकतोय, हे महत्त्वाचं. एखाद्या हौशी मालकाने घरचा जुना सेट विकला असता तर हा रस्ता अवघड होता. पक्कं बिल नाही म्हणून अडत नाही. शिक्क्याची पावती आणि यूपीआयची नोंद पुरे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि स्पीड पोस्टाने नोटीस धाडा. निम्मे दुकानदार तिथेच मऊ येतात. एक मात्र पाळा, चाक "बघून देतो" म्हणून त्याच्या ताब्यात देऊ नका. आयोग ते स्वतः प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

धागाकर्ता
आभार दोघांचे. तो आता "एक चाक बदलून देतो, विषय मिटवा" म्हणतोय. पण बाकीच्या तिघांवरही तेच ताजं कोटिंग आहे, त्याखाली काय निघेल कोण जाणे. चारही परत, पैसे परत, अशीच नोटीस काढतो आणि चौघांची टेस्ट करून घेतो. तोवर ही चाकं गाडीला लावणार नाही. कुणाकडे जिम्नीच्या झीटा मॉडेलच्या कंपनी फिटिंग स्टील डिस्क पडून असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पुण्यात कुठेही येऊन नेतो.