१६८ माणसांनी इंका साम्राज्य पाडलं, हे पटतं का?

भटकभवानी: दक्षिण अमेरिकेत उतरलेल्या स्पॅनिश सरदार पिझारोकडे १६८ माणसं, समोर इंका सम्राट अताहुआल्पाची हजारोंची फौज, आणि एका संध्याकाळीत खेळ खलास? घोडे आणि बंदुका एवढ्यावर भागलं असेल असं वाटत नाही. जाणकारांनी उजेड पाडावा.

नाना_फडताळे: देवीची साथ आणि भाऊबंदकी. सम्राट हुआयना कापाक १५२७ च्या आसपास गेला, बहुधा साथीतच. मग हुआस्कार आणि अताहुआल्पा हे दोघे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले. पिझारो आला तेव्हा अताहुआल्पा नुकता जिंकला होता.

जमाखर्च: नाना, बरोबर, पण अर्धंच. १६ नोव्हेंबर १५३२ ला काहामार्काच्या चौकात राजा पकडला गेला, राज्य नाही. सोबतचे लोक बहुतेक निःशस्त्र होते. बंदुका मोजक्याच, खरं काम साठेक घोडेस्वारांनी आणि पोलादी तलवारींनी केलं. सुमारे २२ फूट लांब, १७ फूट रुंद खोली एकदा सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून देतो, असं अताहुआल्पाने कबूल केलं. खंडणी पोचली तरी जुलै १५३३ मध्ये त्याचा गळा आवळलाच.

पुढे इंकांची राजधानी कुस्को हजाराहून जास्त किलोमीटर, तेही डोंगरातून. वाटेत या लोकांना खायला कोण घालत होतं? मी जन्मभर हिशेब तपासले, म्हणून मला हा प्रश्न आधी पडतो. उत्तर वाटेतल्या हाउहाच्या खोऱ्यात आहे. तिथले वांका लोक इंकांच्या अमलाला कंटाळले होते. त्यांनी स्पॅनिशांना मका, लामा, कापड, हमाल, लढवय्ये, सगळं पुरवलं. आणि त्याचा हिशेब ठेवला! दोरीला गाठी मारून, किपूवर. १५५८ नंतर त्यांच्या सरदारांनी स्पॅनिशांच्या लिमा शहरातल्या न्यायालयात त्या दोऱ्यांवरून याद्या वाचून दाखवल्या. आपण दिलेलं एकीकडे, स्पॅनिशांनी लुटलेलं वेगळं. असा चोख हिशेब आमच्या ऑफिसातही कुणी ठेवला नाही.

१५३६ ला इंका राजा मांको इंकाने कुस्कोला वेढा घातला, तेव्हाही स्पॅनिशांच्या बाजूने कान्यारी जमातीचे लोक लढत होते. लिमावर चाल झाली तेव्हा हुआयलास प्रांतातून तिथल्या सरदारीण कोंतारहुआचोने मदतीला फौज पाठवली. तिची मुलगी पिझारोच्या घरात नांदत होती. म्हणजे १६८ हा आकडा पहिल्या दिवसाचा. शेवटचं इंका ठाणं, विल्काबांबा, पडलं १५७२ ला, त्याच वर्षी शेवटचा इंका राजा तुपाक आमारूचं डोकं कुस्कोच्या चौकात उडवलं. चाळीस वर्षं लागली.

भटकभवानी: बाप रे. मग वांकांच्या पदरात काय पडलं? की नुसतेच वापरले गेले?

जमाखर्च: काही सरदारांना मान मिळाला, स्पॅनिश राजाकडून कुलचिन्हही. रयतेला मात्र कर आणि वेठ दोन्ही चुकले नाहीत. आधी इंकांना द्यायचे, आता स्पॅनिशांना.

नाना_फडताळे: तरी साथीला कमी लेखू नका. पुढच्या काही दशकांत रोगांनी जी माणसं गेली, ती तलवारीने गेली नसती.

जमाखर्च: ते मान्य, नाना. पण कुस्कोपर्यंतचा शिधा रोगाने नाही पोचवला.