बेसबोर्ड हीटरसाठी कोणती वायर आणि किती अँपिअरचा ब्रेकर घ्यावा?

प्रश्नकर्ता (न्यू जर्सी): बेसमेंटमध्ये २४० व्होल्टचे इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटर (भिंतीच्या तळाशी बसणारे लांबट हीटर) बसवायचे आहेत. हॉलमध्ये २००० वॉटचे दोन, एकाच थर्मोस्टॅटवर, आणि शेजारच्या खोलीत १५०० वॉटचा एक. हॉलचे ४००० भागिले २४० म्हणजे १६.७ अँपिअर होतात, तेव्हा १२ गेजची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा ब्रेकर पुरायला हवा. इलेक्ट्रिशियन मात्र त्याहून जाड १० गेजवर अडून बसला आहे. तो उगाच खर्च वाढवतो आहे का?

उत्तर १: इलेक्ट्रिशियनचे म्हणणे बरोबर आहे. अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता भिंतीवर कायम बसवलेल्या हीटरला सतत चालणारा भार मानते, कारण जानेवारीच्या थंडीत ते तासन् तास बंद होत नाहीत. त्यामुळे वायर आणि ब्रेकर भाराच्या किमान १२५ टक्के क्षमतेचे असावे लागतात. १६.७ चे १२५ टक्के म्हणजे २०.८, अर्थात २० अँपिअरच्या किंचित पुढे. २० अँपिअरच्या सर्किटवर ३८४० वॉटपर्यंतच हीटर चालतात आणि तुमचे १६० वॉट जास्त आहेत. म्हणून हॉलसाठी २५ अँपिअरचा ब्रेकर आणि १० गेज घ्यावे. खोलीच्या हीटरचे १२५ टक्के धरूनही ७.८ अँपिअरच होतात, तिथे १४ गेज आणि १५ अँपिअर पुरेत. थर्मोस्टॅटवर छापलेली क्षमताही पाहावी. २२ अँपिअरचे सहज मिळतात.

उत्तर २: भारतातून आलेल्यांचा एक गोंधळ हमखास होतो. आपल्याकडे २३० व्होल्ट एका फेज आणि न्यूट्रलमधून मिळतात, इथे २४० व्होल्ट दोन फेज तारांमधून मिळतात. त्यामुळे ब्रेकर दोन पोलचाच, म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारा हवा, न्यूट्रल लागत नाही, आणि केबलमधली पांढरी तार फेज म्हणून वापरताना तिच्या दोन्ही टोकांना काळी किंवा लाल टेप गुंडाळावी लागते. हाच हीटर चुकून १२० व्होल्टवर जोडला तर तो जेमतेम पाव उष्णता देईल.

प्रश्नकर्ता: आभार. माझ्याकडे ३० अँपिअरचा दोन पोलचा ब्रेकर पडून आहे, तो हॉलसाठी चालेल का?

उत्तर १: १० गेजवर चालेल, मात्र तो तुमच्या पॅनेलसाठी मान्य असलेला असावा आणि हीटरच्या पाटीवर त्याहून कमी मर्यादा दिलेली नसावी. १४ गेजच्या सर्किटला तो कदापि लावू नये. ती वायर १५ अँपिअरसाठी आहे आणि ब्रेकर पडण्याआधी तीच तापेल. शिवाय हीटरची जागा ठरवण्यापूर्वी भिंतीवरचे सॉकेट पाहून घ्यावेत. हीटर सॉकेटखाली आला तर दिव्याची वायर त्याच्या गरम पत्र्यावर लोंबकळत राहते, आणि बहुतेक हीटरच्या सूचनापत्रकात याला स्पष्ट मनाई असते.