बापूराव पलुसकर : गायक मोठा की हळहळ मोठी?

ख्यालवेडा
काल इथेच कुणीतरी ठोकून दिलं की द. वि. ऊर्फ बापूराव पलुसकर चौतिसाव्या वर्षी गेले म्हणून मोठे ठरले. मागे राहिल्या त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या, आणि त्यांत 'बारीक, गोड आवाजा'पलीकडे काही नाही. अहो, दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात राग दिसायला हवा, बंदिशीचे दोन्ही भाग, स्थायी-अंतरा, स्वच्छ यायला हवेत, थोडे आलाप, ताना, आणि शेवट समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. तालाचं एक आवर्तन लांबलं की जागा संपली. बापूरावांच्या तबकडीत घाई कुठे ऐकू येते ते दाखवा.

तिरकसपंत
ठोकणारा मीच. तबकडी नेटकी आहे, मान्य. पण पोस्टकार्ड सुबक लिहिणारा कादंबरीकार असतोच असं नाही. भीमसेन १९२२चे, १९५६ साली थांबले असते तर आज त्यांना एवढं मोठं म्हटलं असतं? ऑक्टोबर १९५५ मध्ये मेंदूज्वराने बापूराव गेले, फार वाईट झालं. पण 'असते तर'ला गुण देता येत नाहीत.

ख्यालवेडा
'असते तर' मी म्हटलंच नाही. वडील विष्णु दिगंबर १९३१ साली गेले तेव्हा हे दहा वर्षांचे. पुढची तालीम वडिलांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धनांची, तरी गाणं बुवांची नक्कल नाही. १९५२च्या 'बैजू बावरा' सिनेमात बैजूसाठी गाताना, तानसेनासाठी गाणाऱ्या नऊ वर्षांनी मोठ्या अमीर खाँसमोर देसी राग गायलेत. तिथे दबलेले वाटतात का?

तिरकसपंत
सिनेमात बैजूनेच जिंकायचं होतं. पुरावा म्हणून चालणार नाही.

सुई_तीन_मिल
मधे पडतो, कारण 'बारीक आवाज' वाचून डोकं फिरलं. कोणत्या प्रतीवरून? नेटवरच्या निम्म्या प्रती वेगात चढलेल्या असतात. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी ८२ने फिरवली की स्वर पाच टक्के चढतो. पेटीवरच्या काळी एकचा षड्ज जवळजवळ पुढच्या पट्टीला, पांढरी दोनला जातो. नुसती पट्टी चढत नाही, आवाजाचा घेरही आक्रसतो आणि ताना उगाच चपळ वाटतात. वेग तपासायला ७७ रेघांची चकती तबकडीवर ठेवा, ५० हर्ट्झच्या विजेवरचा निऑन दिवा लावा. रेघा स्थिर दिसल्या की मिनिटाला ७७.९२ फेरे, म्हणजे वेग बरोबर. एलईडीखाली फसाल, बरेचसे लुकलुकतच नाहीत. सुई ७५ मायक्रॉनची हवी. एलपी तबकड्यांची २५ची लावली तर ती खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर तेवढी वाढते. मग कुणीतरी खरखर पुसायला जातो आणि शब्दातले 'स', 'श' पुसून टाकतो. तंबोऱ्याचा स्वर सेकंदाला सव्वा वेळ वरखाली झुलत असेल तर तबकडीचं भोक मध्यावर नाही.

तिरकसपंत
व्वा, आता भोकही मीच पाडलं! रेडिओवरच्या ध्वनिमुद्रणांत तर तबकडी नाही ना?

सुई_तीन_मिल
टेपलाही वेग असतो, पंत. प्रतीची प्रत काढताना दर वेळी थोडा सरकतो.

ख्यालवेडा
मंडळी, बापूरावांच्या गाण्याचं बोलत होतो आपण.

तिरकसपंत
बोलू. आधी हे ऐका : माझ्याकडची प्रत चार टक्के उतरवून पाहिली. आवाज भरदार झाला, कबूल. 'बारीक' शब्द मागे घेतो; बाकीचं वाक्य तसंच.

सुई_तीन_मिल
चार टक्के कशावरून ठरवलेत? साथीच्या पेटीवरून असेल, तर जुन्या पेट्यांची पट्टी आजच्या पेटीशी जुळेलच असं नाही. परत मोजा.