जपान, पाच माणसं आणि दुखरे गुडघे: हॉटेलं कशी निवडायची?

पर्वतीपायथा

मंडळी, येत्या मे महिन्यात जपानला जायचं नक्की झालंय. आम्ही दोघं, मुलगा (वय ९), मुलगी (वय ४) आणि सासूबाई (वय ७१, गुडघे दुखतात, शाकाहारी, अंडंही चालत नाही). टूर कंपनीबरोबर जायचं नाही. पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर काढून ठेवायचा प्रकार सासूबाईंनी युरोपात अनुभवलाय आणि "पुन्हा मला त्यात घालू नका" असं निक्षून सांगितलंय.

ढोबळ आराखडा असा: टोक्यो ४ रात्री, हाकोने १, क्योटो ३, ओसाका २, पुन्हा टोक्यो १ आणि परत. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

गाडी अडलीय ती हॉटेलांवर. बुकिंगच्या साइटवर पाच माणसं टाकली की अर्धी हॉटेलं गायबच होतात. उरतात ती एकतर बजेटच्या बाहेर, नाहीतर खोली १३ चौरस मीटर! आमचं स्वयंपाकघर मोठं असेल त्यापेक्षा. दोन खोल्या घ्याव्यात का? मुलं दाखवलीच नाहीत तर चालतं का? शिवाय नवऱ्याला एक रात्र रियोकानमध्ये (म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या हॉटेलात) काढायचीच आहे, ते सासूबाईंना झेपेल का? आणि जेवणाचं काय करायचं?

लाडूसम्राट

टोक्योत शिंजुकूला राहा, डोळे झाकून. सगळ्या गाड्या तिथून मिळतात, रात्री रोषणाई, खाली उतरलं की दुकानंच दुकानं. आम्ही मित्र मित्र गेलो होतो, मजा आली. मुलं दाखवू नका हो, कोण मोजायला येतंय.

टोझाईलाइन

लाडूसम्राट, मित्रांबरोबर शिंजुकू उत्तमच. पण चार वर्षांची पोर आणि गुडघेवाल्या आजी यांना घेऊन नको. जगातलं सगळ्यात गजबजलेलं स्टेशन आहे ते, बाहेर पडायच्या वाटाच दोनशेच्या वर. चुकीच्या दारातून बाहेर आलात की हॉटेल समोर दिसतं आणि तिथे पोचायला पंधरा मिनिटं लागतात. आणि मोजायला येतात बरं का. परदेशी पाहुण्यांचे पासपोर्ट रिसेप्शनवर बघून त्यांची प्रत काढून ठेवतात. दोघांच्या खोलीत तिसरा मोठा माणूस घुसवायचा विचार सोडा.

आता पर्वतीपायथा, तुमच्याकडे येते. मी टोक्योतच निशिकासाईला राहते. इथे एवढी भारतीय कुटुंबं आहेत की लिफ्टमध्ये मराठी बोलताना आवाज खाली ठेवावा लागतो. मे महिना आला की माहेरचे, सासरचे, शेजाऱ्यांच्या ओळखीचे असे सगळे "जरा हॉटेल सुचव ना" म्हणतात, त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा कडक आहेत.

पहिलं म्हणजे हॉटेलं निवडायच्या आधी हॉटेलांची संख्या कमी करा. तुमच्या आराखड्यात पाच मुक्काम आहेत. म्हणजे पाच वेळा बॅगा भरायच्या, पाच वेळा अकराला खोली सोडायची आणि तीनपर्यंत पुढची खोली मिळायची वाट बघायची. बॅगा ते आनंदाने आधी ठेवून घेतात, पण दुपारी झोपायची सवय असलेली मुलगी आणि पाय लांब करायला जागा शोधणाऱ्या सासूबाई कुठे ठेवणार? शेवटची टोक्योची रात्र तर निव्वळ परतीच्या विमानासाठी आहे. तिकीट टोक्योला जायचं आणि ओसाकाहून परतीचं काढा. सिंगापूर किंवा बँकॉकमार्गे दोन्ही शहरांना विमानं आहेत. ती रात्रही वाचली आणि उलट्या बुलेट ट्रेनचं भाडंही वाचलं.

क्योटो आणि ओसाका यांतलं एकच धरा. जेआरच्या (जपान रेल्वेच्या) जलद गाडीने दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर आहे, ठाणे–दादरसारखंच समजा. मी ओसाका म्हणेन. क्योटोत राहणाऱ्यांचं म्हणणं असतं की पहाटे सहाला देवळं रिकामी मिळतात. खरं आहे, पण तुमच्या घरातून सहाला कोण बाहेर पडणार आहे? ओसाकात नाम्बाजवळ राहा. तिथून मेट्रोच्या मिदोसुजी लाइनने तीन स्टेशनांवर योदोयाबाशी. केइहान कंपनीची क्योटोची गाडी तिथूनच सुरू होते, त्यामुळे बसायला जागा मिळते आणि ती थेट क्योटोतल्या गिओनला सोडते. परतीच्या दिवशी नाम्बाहूनच नानकाई कंपनीची गाडी कान्साई विमानतळाला जाते, चाळीसेक मिनिटांत.

टोक्योत मी तुमच्यासाठी उएनो धरीन. नारिता विमानतळावरून स्कायलायनर गाडी तिथेच येते, मध्ये बदलाबदली नाही. बाग, प्राणिसंग्रहालय आणि विज्ञान संग्रहालय चालत. संग्रहालयाच्या बाहेर निळ्या देवमाशाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, नऊ वर्षांच्या मुलाचा अर्धा दिवस तिथेच गेला म्हणून समजा. आणि शेजारचं स्टेशन ओकाचिमाची. तिथे रत्नांचा बाजार आहे, त्यात भारतीय व्यापारी पुष्कळ, त्यांतले बरेच जैन. त्यामुळे सासूबाईंना चालेल असं जेवण त्या भागात मिळतं. निशिकासाईलाही मिळतं, पण सकाळच्या टोझाई मेट्रो लाइनमध्ये बाबागाडी घेऊन चढायचं धाडस इथलेही करत नाहीत.

आता खोली. तारे बघू नका, पलंगाची रुंदी बघा. इथली हॉटेलं ती सेंटिमीटरमध्ये लिहितात. 'सेमी-डबल' म्हणजे साधारण १२० सेंटिमीटर. त्यावर दोन मोठी माणसं आणि एक मूल असा फोटो मला एका पाहुण्याने पाठवला होता, तिघांचेही चेहरे बघण्यासारखे होते. मुलांची वयं खरी टाका, कारण ती तुमच्या फायद्याची आहेत. शाळेत न जाणारं मूल आईवडिलांच्या पलंगावर झोपत असेल तर बहुतेक हॉटेलं त्याचे पैसे घेत नाहीत. म्हणजे मुलगी फुकट. मुलगा मात्र नऊचा, तो पूर्ण माणूस धरला जातो. हिशेबात तुम्ही चार माणसं आणि वर एक. साइटवर "पाच मोठे" असं काही पडलं असेल तर ते बदलून बघा, बरीच हॉटेलं परत उगवतील.

मग दोन मार्ग उरतात. दोन ट्विन (दोन वेगळ्या पलंगांच्या) खोल्या घ्यायच्या: एका खोलीत सासूबाई आणि नातू, दुसरीत तुम्ही तिघं. पण "शेजारशेजारची" आणि "मधल्या दाराने जोडलेली" यांत फरक आहे. छोट्या हॉटेलांत मधलं दार सहसा नसतंच, आणि शेजारची खोली ही विनंती असते, हमी नाही. हॉटेलला ईमेल करून लेखी विचारा. इंग्रजीत लिहिलंत तरी उत्तर येतं, आणि येतं ते सविस्तर येतं.

दुसरा मार्ग अपार्टमेंट हॉटेलचा, आणि तुमच्यासाठी मला हाच बरा वाटतो. मिमारू नावाची साखळी टोक्यो, क्योटो, ओसाका तिन्हीकडे आहे. चार ते सहा जणांच्या खोल्या, जेवायचं टेबल, शेगडी, भांडी, फ्रिज, मायक्रोवेव्ह. काही ठिकाणी दोन मजली पलंग असतो, त्यावर चढायला मिळालं की मुलांना देऊळ-बिऊळ काही नको असतं. एका रात्रीचा आकडा बघून दचकाल, पण त्याची तुलना दोन खोल्यांच्या बेरजेशी करा. घरगुती भाड्याच्या जागा घेणार असाल तर नोंदणी क्रमांक दिलेल्याच घ्या. २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने तो सक्तीचा आहे.

स्वयंपाकघर असलं की सासूबाईंचा प्रश्न निम्मा सुटतो. इथे मासा दिसत नाही तिथेही असतो. सूप, सॉस, भाजी शिजवायचं पाणी, सगळ्यात सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क. "व्हेजिटेरियन" म्हटल्यावर वेटर मान डोलावतो, आणि त्याचा तो अर्क मोजायचा विचारही नसतो. पण कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात शिजवलेल्या भाताचा डबा मिळतो, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. वर तुमचं मेतकूट आणि तूप. दही, केळी, दूध आहेच.

घरचा विजेचा कुकर मात्र आणू नका. इथे वीज १०० व्होल्टची. आपला २३० व्होल्टचा कुकर इथे पाचव्या हिश्श्यानेही तापत नाही, खिचडी व्हायला सकाळ उजाडेल.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. साध्या बिझनेस हॉटेलांचं न्हाणीघर म्हणजे प्लास्टिकची एकसंध पेटी असते. आत शिरायला उंच उंबरा, मग टबची कड ओलांडायची, मग वर शॉवर. गुडघेवाल्यांना तो टब हा हाकोनेच्या डोंगरापेक्षा मोठा चढ आहे. फोटोत न्हाणीघर नीट बघा. बसून अंघोळ करायची वेगळी जागा असेल तर ते हॉटेल चार पैसे जास्त देऊन घ्या. बरं, संडासात पाण्याचा फवारा सगळीकडे असतो, त्या आघाडीवर आपली माणसं युरोपपेक्षा इथे फार सुखी.

पर्वतीपायथा

बाई गं, केवढं लिहिलंत! टबचं तर डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका. एक, रियोकानबद्दल तुम्ही सोयीस्कर गप्प आहात. दोन, बॅगा: टोक्योहून हाकोने आणि तिथून ओसाका, चार मोठ्या बॅगा घेऊन कसं जमवायचं?

केळफूल

रियोकानबद्दल मी सांगते, कारण माझ्या आईला घेऊन आम्ही राहिलो होतो आणि तिला तीच रात्र सगळ्यात आवडली. पण निवड करताना घासाघीस करावी लागली. सगळ्या खोल्यांत जमिनीवरच गाद्या असतात असं नाही, तातामीच्या (गवती चटयांच्या) पण पलंग असलेल्या खोल्याही मिळतात. जेवण खोलीत मांडी घालून की टेबल-खुर्चीवर, हे आधी विचारायचं. भाडं खोलीमागे नसतं, माणशी असतं, रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून. मुलांचे दर गादी हवी का आणि जेवण हवं का यावर ठरतात. चार वर्षांच्या मुलीसाठी "गादी नको, जेवण नको" चालतं.

सासूबाईंसाठी मात्र रात्रीच्या जेवणाशिवायचा दर शोधा. तिथलं जेवण दहा-बारा छोट्या ताटल्यांचं असतं आणि त्यातल्या नऊ समुद्रातून आलेल्या. आईने भात, लोणचं आणि आमच्या डब्यातल्या दशम्या खाल्ल्या, पैसे पूर्ण भरले.

आणि खासगी गरम पाण्याचं कुंड तासावर मिळणारी जागा घ्या. सार्वजनिक स्नानगृहात सगळे कपडे उतरवूनच जायचं असतं. मुलगा नऊचा म्हणजे आईबरोबर बायकांच्या बाजूला चालणार नाही, सात वर्षांच्या आसपास ती मुभा संपते. त्याला बाबाबरोबर जावं लागेल. सासूबाई तर सार्वजनिक ठिकाणी तयारच होणार नाहीत, पण स्वतःच्या कुंडात गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसल्या की उठणार नाहीत.

टोझाईलाइनताई, क्योटोबद्दल मात्र असहमत. तिथे रात्री आठनंतर गल्ल्या रिकाम्या होतात, त्यातून चालण्यासाठी तरी दोन रात्री हव्यात.

टोझाईलाइन

केळफूल, रात्रीच्या गल्ल्यांचा मुद्दा मान्य. पण मग ओसाका पूर्ण काढावं लागेल, आणि नऊ वर्षांच्या मुलाला युनिव्हर्सल स्टुडिओज सोडायला तुम्ही सांगा, मी नाही.

रियोकानबद्दल गप्प होते कारण मी सहसा सुचवत नाही. पण केळफूल यांनी घातलेल्या अटींवर जरूर जा. फक्त स्टेशनापासून हॉटेलची गाडी न्यायला येते का ते बघा. हाकोने म्हणजे सगळा चढ-उतार, नकाशावर तीनशे मीटर दिसतात ते जिन्याचे निघतात.

बॅगांची काळजी नको. हॉटेलच्या रिसेप्शनवर ताक्क्यूबिनने (सामान पोचवणाऱ्या कुरिअरने) पाठवायच्या म्हणून सांगा. टोक्योच्या हॉटेलातून थेट ओसाकाच्या हॉटेलात जातात, सहसा दुसऱ्या दिवशी पोचतात. मोठ्या बॅगेला साधारण दोन-तीन हजार येन. तुम्ही एका रात्रीचे कपडे पाठपिशवीत घेऊन हाकोनेला जायचं. औषधं आणि पासपोर्ट त्या बॅगांत घालू नका. पुढच्या हॉटेलला आधी कळवा की बॅगा येताहेत, आणि चिठ्ठीवर बुकिंग ज्याच्या नावावर तेच नाव लिहा.

बॅग बरोबर ठेवणारच असाल तर लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली की बुलेट ट्रेनमध्ये त्यासाठीची खास जागा आरक्षित करावी लागते. आणि हाकोनेहून निघताना जवळच्या ओदावारा स्टेशनावर बुलेट ट्रेनमध्ये चढणार असाल तर त्यातली नोझोमी गाडी तिथे थांबत नाही, हिकारी किंवा कोदामा बघा. जेआर पासच्या भानगडीत पडू नका. २०२३ च्या ऑक्टोबरमध्येच सात दिवसांचा पास ५०,००० येनवर गेला. तुमच्या एकतर्फी प्रवासाला सुटी तिकिटं स्वस्त पडतील. मुलाला अर्धं तिकीट, मुलगी मांडीवर फुकट.

सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं राहिलं: मेमध्ये कधी? २९ एप्रिल ते ५ मे इथे गोल्डन वीक, अख्खा जपान सुट्टीवर. हॉटेलांचे दर तेव्हा बघूच नका. जूनमध्ये पाऊस लागतो.

पर्वतीपायथा

१० मेनंतर निघू मग. नवीन आराखडा: टोक्यो ५ (उएनो, अपार्टमेंट), हाकोने १ (पलंगवाली खोली, रात्रीचं जेवण न घेता, खासगी कुंड), ओसाका ५ (नाम्बा, अपार्टमेंट), तिथूनच परत. नवऱ्याला युनिव्हर्सलचं ऐकून रियोकानपेक्षा जास्त आनंद झालाय. रद्द करता येणारी बुकिंगं आज रात्री करते, व्हिसाच्या अर्जालाही लागतीलच. सासूबाई विचारताहेत, मेमध्ये येतोय तर टोझाईलाइनताईंसाठी हापूसची पेटी आणू का?

टोझाईलाइन

त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि पेटी घरीच ठेवायला सांगा. ताजी फळं प्रमाणपत्राशिवाय विमानतळावरच काढून घेतात आणि तो प्रसंग मला बघवणार नाही. आंबापोळी चालेल. मेतकूट जरा जास्त आणा.